मुलांचा भरवसा कसा कमवायचा: शाळा, घर आणि शेजाऱ्यांसाठी पायरीपायरीने

चौथीच्या वर्गातल्या एका मुलानं स्वतः लिहिलेली गोष्ट दाखवायला वही माझ्यापुढे केली. मी घाईत होते. "उद्या नक्की वाचते हं," म्हणाले आणि पुढच्या वर्गावर गेले. दुसऱ्या दिवशी पेपर तपासायचं काम निघालं, तिसऱ्या दिवशी चक्क विसरले. चौथ्या दिवशी आठवलं म्हणून मीच विचारलं, तर दप्तराची चेन लावत तो म्हणाला, "राहू द्या बाई, एवढी काही खास नाहीये." आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता. त्यानं त्याच्यापुरता हिशेब मिटवून टाकला होता, आणि मला तेच जास्त लागलं.

मुलांना कणखर कसं करायचं यावर सल्ल्यांना तोटा नाही. पण त्यातले बहुतेक सल्ले मुलानं काय करावं हे सांगतात: दीर्घ श्वास घे, चांगला विचार कर, हार मानू नकोस. वर्गात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत वेगळं झालंय. पडलेलं मूल उठतं, कारण त्याला कुणाचा तरी भरवसा असतो. आणि तो भरवसा मोठ्यांनी पाळलेल्या लहानसहान शब्दांतून थेंबाथेंबानं साठतो. त्यामुळे खालच्या जवळजवळ सगळ्या पायऱ्या मोठ्यांनीच चढायच्या आहेत.

याचा एक पुरावा मला फार आवडतो. मार्शमॅलोचा प्रयोग अनेकांनी ऐकलेला असेल: मुलासमोर मार्शमॅलो, म्हणजे एक मऊ गोड खाऊ, ठेवायचा आणि थांबलास तर दोन मिळतील असं सांगायचं. जो थांबतो त्याचा स्वतःवर ताबा चांगला, असा त्याचा अर्थ बरीच वर्षं लावला जायचा. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी तो थोडा फिरवला आणि २०१३ साली निष्कर्ष छापले. ३ ते ५ वर्षांची २८ मुलं होती. गोड समोर ठेवण्याआधी प्रत्येकाला वापरलेले खडू देऊन सांगितलं की थोडं थांब, याहून छान सामान आणून देते. निम्म्या मुलांना ते खरंच आणून दिलं. उरलेल्या निम्म्यांना "माफ कर, नाहीये आमच्याकडे" असं सांगितलं. स्टिकरच्या बाबतीतही पुन्हा तसंच केलं. मग मार्शमॅलो आला. ज्यांच्या बाबतीत शब्द पाळला गेला होता, ती मुलं सरासरी १२ मिनिटं २ सेकंद थांबली. ज्यांना दोनदा फसवलं होतं, ती ३ मिनिटं २ सेकंद. पूर्ण १५ मिनिटं थांबणारी पहिल्या गटात १४ पैकी ९ होती, दुसऱ्या गटात फक्त १.

२८ मुलं म्हणजे छोटा प्रयोग, हे खरं. पण फरक बघा. दुसऱ्या गटातली मुलं उतावळी नव्हती, ती शहाणी होती. जिथे शब्द पाळला जात नाही तिथे हातातलं आत्ता खाऊन टाकणं हाच व्यवहार. पुढच्या वेळी "या मुलाला धीरच नाही" असं म्हणावंसं वाटलं, की हा आकडा आठवावा.

आधी एक घोळ सोडवू

उभारी, म्हणजे पडल्यावर पुन्हा उठण्याची ताकद, आणि कोडगेपणा यांत आपण फार गल्लत करतो. मार खाऊन न रडणारं मूल "घट्ट झालं" म्हणून आपण खूश होतो. ते घट्ट झालेलं नसतं, त्यानं सांगणं बंद केलेलं असतं. उभारी असलेलं मूल रडतं, चिडतं, मदत मागतं आणि काही वेळानं पुन्हा कामाला लागतं. मदत मागणं हे तिचं लक्षण आहे, तिच्यातली उणीव नव्हे.

हवाई बेटांतल्या कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं केला. साधारण एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला गरिबी, जन्माच्या वेळची गुंतागुंत, घरातली भांडणं किंवा आजारपण असं एकावर एक आलं होतं. त्यांच्यातलीही दर तीनपैकी एक मुलगा-मुलगी पुढे कर्तबगार आणि इतरांची काळजी घेणारी माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात जी गोष्ट पुन्हा पुन्हा सापडली ती म्हणजे एक तरी भरवशाचं मोठं माणूस. आई-वडीलच असं नाही. आजी, मावशी, शिक्षक, शेजारी, कुणीही. आणखी एक गोष्ट, जी फार कमी सांगितली जाते: किशोरवयात भरकटलेल्यांपैकी अनेक जण तिशी-चाळिशीपर्यंत मार्गाला लागले होते. म्हणजे सातवीत बिघडला तो बिघडलाच, हे गणित चुकीचं आहे.

ॲन मास्टन या मानसशास्त्रज्ञानं २००१ साली याच मुद्द्यावर लिहिताना म्हटलं की उभारी ही काही दुर्मीळ दैवी देणगी नाही, साध्या, रोजच्या गोष्टींची ती किमया आहे. त्या साध्या गोष्टी शाळेनं आणि आसपासच्या माणसांनी ठरवून करायच्या. कशा, ते आता पाहू.

पायरी १: कुणाचंच नसलेलं मूल शोधा

हे काम एका दुपारी होतं. शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर शाळेतल्या सगळ्या मुलांची नावं इयत्तेनुसार लावायची. प्रत्येक शिक्षकानं, आणि कृपा करून कार्यालयातल्या, ग्रंथालयातल्या, फाटकावरच्या माणसांनीही, ज्या मुलाशी आपलं खरं नातं आहे त्याच्या नावापुढे खूण करायची. खरं नातं म्हणजे काय? अभ्यासाखेरीज त्या मुलाबद्दल दोन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत आणि अडचण आली तर ते आपल्याकडे येईल असं वाटलं पाहिजे. खुणा करताना बोलायचं नाही, नाहीतर एकमेकांचं बघून खुणा पडतात.

मग मागे सरून भिंतीकडे बघायचं. काही नावांपुढे सात-आठ खुणा असतात: हुशार, बोलकी, खेळात पुढे असलेली मुलं. खोडकर मुलांपुढेही बऱ्याच असतात, कारण ती सगळ्यांना माहीत असतात. मोकळी राहतात ती गप्प बसणारी, मधल्या बाकावरची, वर्षाच्या मध्ये आलेली मुलं. आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा खोलीत बराच वेळ कुणी काही बोललं नाही. एका नावावर तर दोघी शिक्षिकांनी एकमेकींना विचारलं, "ही नक्की कोणती गं?" ती मुलगी तीन वर्षं आमच्या शाळेत होती.

मोकळ्या नावांची वाटणी करा, एकेकाला दोन-तीनच. मुलाला यातलं काही सांगायचं नाही. नियम साधा: सलग १० शाळेचे दिवस, रोज २ मिनिटं, अभ्यास आणि शिस्त सोडून गप्पा. पहिले तीन-चार दिवस "हो", "नाही", "माहीत नाही" एवढंच मिळतं. तिथेच बहुतेक जण सोडून देतात. सोडू नका, त्या मुलाच्या अनुभवात मोठी माणसं तिसऱ्या दिवशी गायब होत आलेली आहेत, आणि तुम्ही चौथ्या दिवशी येता का हे ते तपासत असतं.

ही भिंत वर्षातून दोनदा करावी. कागद मात्र मुलांच्या नजरेला पडता कामा नये.

पायरी २: पुढे काय होणार ते आधी कळू द्या

ज्या घरात संध्याकाळ कशी जाईल याचा नेम नसतो, तिथलं मूल सतत कानोसा घेत जगतं. शाळेत आल्यावर ती सवय दारात काढून ठेवता येत नाही. अशा मुलासाठी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं दिवसाचं वेळापत्रक हा मोठाच दिलासा असतो. तास बदलणार असेल, दुसऱ्या बाई येणार असतील, आगीच्या सरावाची घंटा होणार असेल, तर आदल्या दिवशी सांगा. पुन्हा सकाळी सांगा. शिक्षक रजेवर जाणार असतील तर "परत कधी येणार" हेही सांगा आणि शक्यतो त्याच दिवशी या.

दारात उभं राहून नावानं स्वागत करणं, दिवस संपताना एक ठरलेली गोष्ट करणं, वर्गाचे चार-पाचच नियम ठेवणं आणि ते सोमवारीही तेच, शुक्रवारीही तेच ठेवणं, यातलं काहीच नवं नाही. नवी गोष्ट एवढीच की शिक्षकाचा मूड हा वर्गातल्या हवामानासारखा असतो आणि मुलं तो बाई फळ्यापर्यंत पोहोचायच्या आत ओळखतात. दिवस वाईट असेल तर सांगून टाकावं: "आज माझं डोकं दुखतंय. माझा आवाज चढला तर तो तुमच्यामुळे नाही." मुलं आश्चर्य वाटावं इतकी समजूतदारपणे वागतात.

पायरी ३: शब्द कमी द्या, दिलेला लिहून ठेवा

"बघू", "नंतर", "एकदा करू या आपण" हे मोठ्यांच्या भाषेत नकाराचे सभ्य प्रकार आहेत. मुलांच्या भाषेत ते होकार आहेत. इथूनच सगळी गडबड सुरू होते.

त्या गोष्टीच्या वहीनंतर मी एक छोटी वही करून टेबलावर ठेवली. मुलाला काही कबूल केलं की तिथेच त्याच्यासमोर लिहायचं: कुणाला, काय, कोणत्या वारी. झालं की खोडायचं. पहिल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की मी दिवसाला दहा-बारा शब्द वाऱ्यावर सोडत होते. पुढे संख्या आपोआप उतरली, कारण लिहावं लागतं म्हटल्यावर माणूस जपून बोलतो. घरीही हेच करता येईल; भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

शब्द पाळता येणार नाही असं दिसलं, तर वेळ टळून जायच्या आधी सांगा. "उद्या मैदानावर नेणार होते, पण जमणार नाही, गुरुवारी नेते" हे आदल्या दिवशी सांगितलं तर निराशा होते, भरवसा राहतो. वेळ टळल्यावर सांगितलं तर दोन्ही जातं.

आणि एक शब्द कधीच देऊ नका: "मी कुणालाही सांगणार नाही." का, ते पाचव्या पायरीत.

पायरी ४: चुकलात की दुरुस्त करा

तुम्ही चुकणार. मीही चुकते. म्हणूनच ही पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी खेळत असते. मग तिनं दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवायचा. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, काहीच चालेना तेव्हा तोंड फिरवतं आणि कोलमडतं. एवढा भाग बहुतेकांना माहीत असतो. ट्रॉनिक यांच्या कामातला दुसरा भाग मला जास्त धीर देतो: आई आणि बाळ एरवी चांगल्या नात्यातही सुमारे ३० टक्के वेळच एकमेकांशी नीट जुळलेले असतात. उरलेला वेळ चुकामूक आणि ती सावरणं यात जातो. नातं पक्कं होतं ते या सावरण्यातून. तुटलेलं पुन्हा जोडता येतं, हे मूल तिथे शिकतं.

मग मोठ्यानं मुलाची माफी कशी मागायची? चार गोष्टी याव्यात. काय केलं ते स्पष्ट नाव घेऊन. त्याचा मुलावर काय परिणाम झाला असेल ते. जबाबदारी आपली, हे. आणि आता काय करणार ते. "पण" हा शब्द कुठेही नको. "मी ओरडले, पण तूही ऐकत नव्हतास" ही माफी नसून दुसरा आरोप आहे. जर चूक चारचौघांत झाली असेल तर माफीही चारचौघांत. वर्गासमोर टाकून बोललात आणि व्हरांड्यात हळूच "सॉरी हं" म्हणालात, तर वर्गातल्या उरलेल्या मुलांनी फक्त अपमानच पाहिलेला असतो.

त्या गोष्टीवाल्या मुलाला मी म्हणाले, "मी उद्या वाचते म्हणाले आणि वाचली नाही. तुला वाटलं असेल की बाईंना त्यात काही रस नाही. चूक माझी. आज मधल्या सुट्टीत मी इथेच बसणार आहे. तुला आणावीशी वाटली तर आण." तो आला नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिथेच बसले. तिसऱ्या दिवशी त्यानं वही आणली, पण स्वतः दारातच उभा राहिला. गोष्टीत एक कुत्रा हरवतो आणि शेवटपर्यंत सापडत नाही. मी विचारलं, "पुढे सापडतो का?" तो म्हणाला, "अजून ठरवलं नाहीये." तेव्हा मी काही जास्त विचारलं नाही. माफी मागितली म्हणजे लगेच माफ व्हावं, अशी अपेक्षा धरू नये; वेळ मुलाच्या घड्याळाप्रमाणे लागतो.

पायरी ५: मूल बोलायला आलं तर

मुलाला आपलं मत मांडण्याचा आणि ते विचारात घेतलं जाण्याचा हक्क आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं १२ वं कलम सांगतं. व्यवहारात हा हक्क बाकाच्या उंचीवर बसून मिळतो. मूल बोलायला लागलं की बसा, त्याच्या शेजारी बसलात तर उत्तमच, कारण समोरासमोर बघून बोलणं अनेकांना जड जातं. हातातलं पेन खाली ठेवा. उपाय सुचवायची घाई आवरा. "म्हणजे त्यांनी तुला खेळायला घेतलं नाही आणि तू सुट्टीभर एकटीच होतीस," एवढं त्याचंच म्हणणं परत सांगितलं तरी पुष्कळ होतं. "एवढंच ना?", "दुर्लक्ष कर", "आमच्या वेळी तर..." ही तीन वाक्यं दार बंद करतात.

संकटातल्या माणसाला प्राथमिक मानसिक आधार कसा द्यावा यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिचा गाभा तीन क्रियापदांत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. तिसरं आपण विसरतो. ऐकून घेतलं म्हणजे काम झालं असं नाही; पुढे समुपदेशक, डॉक्टर, नातेवाईक, जे कुणी खरी मदत करू शकेल त्याच्यापर्यंत मुलाला पोहोचवायचं असतं.

आता गंभीर गोष्ट. कुणी मारतं, कुणी नको तिथे हात लावतं, घरी जायची भीती वाटते, जगावंसं वाटत नाही, असं काही मूल सांगू लागलं, तर चेहरा शांत ठेवा. "तू सांगितलंस हे चांगलं केलंस. यात तुझी काही चूक नाही. तुला सुरक्षित ठेवायला मला एखाद्या माणसाची मदत लागेल. कुणाला सांगते ते आधी तुला सांगेन." गुप्ततेचं वचन दिलंत तर इथे ते मोडावं लागतं, आणि मोडायला हवंच. खोदून विचारू नका, तोंडी शब्द घालू नका, तपास करणं तुमचं काम नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहा. शाळेनं नेमलेल्या जबाबदार माणसाला त्याच दिवशी कळवा आणि तुमच्याकडचा कायदा जिथे कळवायला सांगतो तिथे कळवलं गेलं याची खात्री करा. ज्याच्यावर संशय आहे त्याला जाब विचारायला जाऊ नका. घरातल्याच कुणाचं नाव आलं असेल तर घरी फोन करण्याआधी तज्ज्ञांना विचारा. जिवाला धोका वाटत असेल तर मुलाला एका मिनिटासाठीही एकटं सोडू नका आणि तातडीची मदत बोलवा. त्यानं तीच कहाणी पाच जणांना पाच वेळा सांगायची पाळी येऊ नये, एवढं तरी शाळेनं पाहावं.

पायरी ६: शिस्त लावा, पण मान राखून

मुलांना मारण्यावर संपूर्ण बंदी घालणारा पहिला देश स्वीडन, साल १९७९. त्यानंतर अनेक देशांनी तेच केलं. मार बंद झाला तरी टोमणे, उभं करणं, वर्गाला हसवणं चालूच राहतं, आणि माझ्या मते मुलं छडीपेक्षा ते जास्त दिवस लक्षात ठेवतात.

एक प्रसंग सांगते. सातवीच्या एका मुलीनं मैत्रिणीचं दोन आठवडे काढलेलं चित्र टराटरा फाडलं. वर्गात एकच गोंगाट. पहिल्या मिनिटात विचारपूस करायची नसते. चिडलेल्या डोक्यात प्रश्न शिरत नाहीत. दोघींना वेगळं केलं. फाडणारीला खिडकीजवळ बसवलं, पाण्याची बाटली दिली, आणि मी तिच्या बाजूला गप्प बसून वह्या तपासू लागले. आपला श्वास संथ असेल तर मुलाचाही हळूहळू होतो. उपदेशानं होत नाही. वीसेक मिनिटांनी विचारलं: काय झालं? त्या वेळी तुझ्या मनात काय चाललं होतं? याचा त्रास कुणाकुणाला झाला? आता नीट करायला काय करता येईल? "का केलंस?" हा प्रश्न मी टाळते, कारण त्याचं उत्तर मुलांना बहुधा माहीतच नसतं आणि मग ती खोटं बोलतात.

मैत्रिणीनं या मुलीच्या घरची गोष्ट चौघींना सांगितली होती, असं निघालं. म्हणजे दुखावलेल्या दोघी होत्या. चित्र फाडल्याची भरपाई मात्र करावीच लागली: नवा कागद आणून चार दिवस सुट्टीत बसून पार्श्वभूमी रंगवून द्यायची. शिक्षा तिनंच सुचवली, माझ्या मनातल्या शिक्षेपेक्षा ती जड होती.

एक इशारा. जिथे एक जण दुसऱ्याला सतत छळतोय, तिथे दोघांना समोरासमोर बसवून "मिटवून टाका" म्हणू नका. ताकद असमान असते तेव्हा असं मिटवणं म्हणजे दुबळ्याला पुन्हा एकदा गप्प करणं. आधी छळ थांबवायचा, त्या मुलाची बसायची जागा, येण्या-जाण्याची वाट, मधली सुट्टी सुरक्षित करायची, बाकीचं नंतर.

पायरी ७: खरं काम द्या

कौआईच्या अभ्यासातला आणखी एक धागा असा की तगून गेलेल्या अनेक मुलांवर लहानपणी कसली ना कसली खरी जबाबदारी होती. धाकट्या भावंडाला सांभाळणं, घरकामात हातभार. आपण अडचणीतल्या मुलाला "बिचारं" म्हणून कामातून सोडवतो. त्यातून त्याला एवढंच कळतं की आपल्यावाचून कुणाचं अडत नाही. तर काम द्या, ज्याच्यावर कुणाचं तरी काहीतरी अवलंबून आहे असं. पहिलीतल्या मुलांना वाचून दाखवणं, झाडांना पाणी, नव्या मुलाला शाळा दाखवणं. फळा पुसणं नको, तो कुणीही पुसतो.

अवघड काम देताना आधी बरोबर करा, मग बाजूला बसा, मग दारात उभे राहा. मुलाच्या आवाक्याच्या जरा पुढचं हवं. आवाक्यातलं कंटाळवाणं होतं, फार पुढचं खच्ची करतं. शाबासकी देताना "किती हुशार!" म्हणण्यापेक्षा "तिसऱ्यांदा वेगळ्या रीतीनं करून पाहिलंस ते मी बघितलं" म्हणा. पुढच्या वेळी अडलं की त्याला दुसरं वाक्य उपयोगी पडतं.

पायरी ८: शाळेच्या फाटकाबाहेर

शिकागो शहरातल्या ३४३ भागांतल्या ८,७८२ रहिवाशांशी बोलून समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी असतील तर शेजारी हटकतील का, असे प्रश्न त्यात होते. जिथे लोकांचा एकमेकांवर विश्वास होता आणि परक्या मुलालाही आपलं मानून चार शब्द बोलायची तयारी होती, तिथे हिंसाचार कमी होता. गरिबीचा फरक हिशेबात धरल्यावरही.

सुरुवात शाळेनं करावी. घरी पहिला फोन तक्रारीचा जाऊ नये. वर्ष सुरू झाल्यापासून तीन आठवड्यांच्या आत प्रत्येक पालकाला एक चांगली, खरी, बारीक गोष्ट कळवा: "आज तिनं पडलेल्या मुलाला उठवलं." पुढे तक्रारीचा फोन करावा लागला तर तो ऐकून घेतला जातो. पालकसभा फक्त कामाच्या वेळेत ठेवली की जे येऊ शकत नाहीत त्यांना आपण "बेफिकीर" ठरवतो. वेळ बदलून बघा.

शेजाऱ्यांनी करायच्या गोष्टी लहान आहेत. मुलांची नावं माहीत करून घ्या. शाळेच्या वाटेवर, मैदानावर, ग्रंथालयात रोज दिसणारी माणसं हेरा आणि त्यांची शाळेशी ओळख करून द्या. घरी प्रत्येक मुलाबरोबर बसून पाच बोटांवर पाच मोठी माणसं मोजा, ज्यांच्याकडे ते अडचणीत जाऊ शकेल. दोन तरी घराबाहेरची हवीत. पाच भरत नसतील तर तेच पहिलं काम.

पण भरवसा म्हणजे आंधळेपणा नाही. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकासाठी, कितीही जुना आणि कितीही प्रेमळ असला तरी, तेच नियम: बंद दाराआड एकटं बसायचं नाही, गुपितं ठेवायला सांगायची नाहीत, घरच्यांना न कळवता भेटवस्तू किंवा खासगी संदेश नाहीत. चांगल्या माणसाला या नियमांचा राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याकडे लक्ष ठेवा.

पायरी ९: मोठ्यांनाही कुणीतरी हवं

दमलेला, घाबरलेला, वरून सतत ओरडा खाणारा शिक्षक मुलांना धीर देऊ शकत नाही. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून एकदा १५ मिनिटं "या आठवड्यात कुठलं मूल मनातून जात नाहीये?" एवढा एकच प्रश्न घेऊन सगळ्यांना बसवावं. सूचना, नोंदी, आकडे यांना तिथे मज्जाव.

पायरी १०: उपयोग होतोय का ते मुलांनाच विचारा

वर्षातून तीनदा नाव न लिहिता चिठ्ठी घ्या. तीन प्रश्न पुरतात. शाळेत वाईट वाटलं तर तू कुणाकडे जातोस? मोठ्यांनी कबूल केलेलं कोणतं काम केलं नाही? शाळेत तुला कुठे भीती वाटते? तिसऱ्याची उत्तरं सहसा एखाद्या जिन्याकडे, स्वच्छतागृहाकडे किंवा बसच्या मागच्या सीटकडे बोट दाखवतात, आणि तिथे एक मोठं माणूस उभं केलं की महिनाभरात फरक पडतो. दुसऱ्याची उत्तरं वाचायला जिगर लागते. ती वाचून काय बदललं हे मुलांना आठवड्याच्या आत सांगा, नाहीतर पुढच्या वेळी चिठ्ठ्या कोऱ्या येतील.

सुधारणा सरळ रेषेत होत नाही. बऱ्याचदा मूल भरवसा ठेवू लागलं की आधी जास्त त्रास देतं, रडतं, चिडतं; आता इथे मनातलं सांडायला हरकत नाही असं त्याला वाटू लागलेलं असतं. उशिरा का होईना मदत मागणं, चूक स्वतः येऊन सांगणं, हरल्यावर त्याच दिवशी पुन्हा खेळायला उतरणं, या खुणा बघा. गुणपत्रिकेत त्यांना रकाना नसतो.

आमच्या मागच्या चिठ्ठ्यांत पहिल्या प्रश्नाला सहा जणांनी ग्रंथालयातल्या मदतनीस काकांचं नाव लिहिलं होतं. भिंतीवरच्या खुणांच्या वेळी त्यांना बोलवायचं आम्ही विसरलो होतो. त्यांना चिठ्ठ्या दाखवल्या, तर ते म्हणाले, "मी तर काहीच करत नाही. पुस्तकांवर शिक्के मारतो आणि ती बोलत असतात." त्या आठवड्यापासून मधल्या सुट्टीतही ग्रंथालयाचं दार उघडं असतं, आणि टेबलापाशी दुसरी खुर्ची ठेवलेली असते.